रेस दिली की पिकअप थरथरते? टायर बदलण्याआधी गाडीखाली वाकून बघा

माल भरलेला, गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरला, समोर थोडा चढ. रेस दिली की सीटखालून थरथर सुरू होते आणि बाजूचा आरसा इतका हलतो की मागची गाडी नीट दिसत नाही. ॲक्सिलेटरवरून पाय काढला की सगळं शांत. ही तक्रार कुठल्याही गॅरेजच्या बाकावर तासभर बसलात तर ऐकायला मिळते. पुढची कहाणीही बहुतेकांची सारखीच असते. आधी व्हील बॅलन्सिंग केलं, मग अलाइनमेंट केलं, मग पुढचे दोन टायर नवे टाकले, आणि थरथर आहे तिथेच.

आपल्या समाजात पिकअपवर घर चालणारे किती आहेत हे वेगळं सांगायला नको. रमजानात कलिंगडाच्या फेऱ्या, मग आंबा, मग कांदा, मधे भंगार, फर्निचर, कोंबड्या, लग्नाचं सामान. गाडी बहुतेक वेळा कर्जावर असते आणि हप्त्याची तारीख थरथर थांबायची वाट बघत नाही. म्हणून एक दिवस गाडी उभी ठेवायची म्हटलं तरी जिवावर येतं, आणि मग 'चालतेय ना, चालू दे' असं करत महिना निघून जातो. या दुखण्यात हेच सगळ्यात महाग पडतं. रेस दिल्यावर येणारी आणि पाय काढल्यावर जाणारी थरथर बहुतेक वेळा चाकांची नसते. ती इंजिनापासून मागच्या धुऱ्यापर्यंत ताकद पोचवणाऱ्या भागांची असते. त्यातला एखादा भाग रस्त्यावर तुटला तर प्रकरण फक्त खर्चावर थांबत नाही.

महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त, या आपल्याकडे जास्त चालणाऱ्या गाड्या. तिघींचं इंजिन पुढे असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. हे अंतर जोडणारा लांब नळीसारखा फिरणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजमध्ये नुसतं 'शाफ्ट' म्हणतात. त्याच्या टोकांना क्रॉस असतात. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर सुया भरलेल्या वाट्या बसतात, आणि त्यामुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. गाडी लांब असेल तर शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग त्याला चेसिसला धरून ठेवतं. त्याच्यामागे हाउसिंग, म्हणजे डिफ्रेन्शियल.

थरथर कुणाची, हे आकडा सांगतो

थोडं गणित करू, कारण सगळं निदान यावर उभं आहे. पिकअपच्या साधारण १५ इंची रिमच्या टायरचा घेर दोन मीटरच्या थोडा वर भरतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली तर चाक सेकंदाला जेमतेम ८ फेऱ्या मारतं. पण हाउसिंगमध्ये क्राउन आणि पिनियन असतात आणि त्यांचं प्रमाण साधारण चारास एक धरलं, तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ३० च्या वर फेऱ्या मारत असतो. क्रॉस कोनात फिरत असला की एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो, म्हणजे त्याचे धक्के सेकंदाला ६० च्या घरात.

अंगाला हा फरक सरळ कळतो. चाकाचा दोष धप-धप, डुगडुग असा येतो, मोजता येईल इतका सावकाश. शाफ्टचा आणि क्रॉसचा दोष घूंऽऽ असा येतो, मोबाइल व्हायब्रेटवर टाकून लाकडी टेबलावर ठेवावा तसा. केबिनचा पत्रा, काच, डॅशबोर्डवरच्या वस्तू सगळं एकदम बोलायला लागतं. ज्यांना ही दोन कंपनं वेगळी ओळखता आली त्यांचं अर्धं काम घरीच झालं.

दुसरी खूण म्हणजे जागा. स्टीअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, हब, टाय रॉड एंड यांच्याकडे बघावं. सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर मामला मागचा किंवा मधला आहे. ही खूण शंभर टक्के खरी ठरत नाही, पण कुठून सुरुवात करायची ते सांगते.

रस्त्यावरच्या तीन परीक्षा

यासाठी मशीन लागत नाही. सपाट, मोकळा रस्ता लागतो आणि शेजारी बसून कागदावर टिपणारं कुणीतरी लागतं. चालवणाऱ्याने टिपायला जाऊ नये.

पहिली परीक्षा: ज्या वेगाला थरथर येते त्या वेगापर्यंत गाडी न्या, थरथर सुरू झाली की क्लच दाबा आणि गाडी तशीच घरंगळू द्या. क्लच दाबताच थरथर गेली तर दोष ताकदीखाली येणारा आहे. तेव्हा क्रॉस, सेंटर बेअरिंग, इंजिनचे फाउंडेशन रबर, पिनियन, पाटे यांच्यावर संशय घ्यायचा. क्लच दाबूनही त्या वेगाला थरथर तशीच राहिली आणि वेग उतरल्यावरच गेली, तर चाक, टायर, रिम किंवा शाफ्टचं बॅलन्स बघायचं. ही परीक्षा उतारावर करू नका, आणि चालत्या गाडीचं इंजिन तर अजिबात बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची व्हॅक्यूमची मदत संपते, पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होतं, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टीअरिंग लॉक होण्याचा धोका आहे.

दुसरी परीक्षा: तोच वेग, पण वेगळा गिअर. समजा ५० च्या वेगाला चौथ्यात थरथर येते. मग ५० लाच तिसऱ्यात चालवून बघा. इंजिन आता जास्त फिरतंय, पण शाफ्ट आणि चाकं तेवढीच फिरतायत. थरथर ५० लाच आली तर ती शाफ्ट किंवा चाकांची. थरथर ५० ला न येता वेगळ्या वेगाला, पण इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना आली, तर ती इंजिन, क्लच किंवा फाउंडेशनची.

तिसरी परीक्षा सगळ्यात सोपी. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीत थरथर आली तर शाफ्ट आणि चाकं निर्दोष सुटली, कारण ती फिरतच नाहीत. मग फाउंडेशन, सायलेन्सरची नळी चेसिसला घासते का, फॅनचं पातं तुटलंय का, इंजिन एका सिलेंडरवर कमी मारतंय का, हे बघा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोलेरो पिकअपला चार सिलेंडर आहेत, दोस्तला तीन, डिझेलच्या टाटा एसला दोनच. दोन-तीन सिलेंडरची गाडी आयडलला थोडी हलणारच, तो तिचा स्वभाव आहे. आधी नव्हती आणि आता वाढली, ती थरथर दोषाची.

या तिन्ही परीक्षा रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही गाडीवर करा. हे लोक टाळतात आणि तिथेच चुकतात. गॅरेजमध्ये गाडी रिकामी येते, मेकॅनिक चक्कर मारतो, काही जाणवत नाही, 'ठीक आहे, चालव' म्हणतो. दोष मात्र १ टन माल पाठीवर असतानाच बोलणारा असतो.

'त्याआधी गाडीला काय काम केलं होतं?'

सांगली भागातल्या आमच्या ओळखीच्या एका तरुणाचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं, कारण ते फार जणांना लागू पडेल. त्याची पिकअप द्राक्षांच्या सीझनमध्ये माल घेऊन जाताना छान चालायची. परत येताना, रिकामी असताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उचल घेतली की भयंकर थरथरायची. एकाच जागी तीन वेळा व्हील बॅलन्सिंग झालं. चौथ्यांदा त्याला कुणीतरी हायवेवरच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे पाठवलं. उस्तादांनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "बेटा, हे कधीपासून? आणि त्याआधी गाडीला काय काम केलं होतं?" पोरगा म्हणाला, "काही नाही चाचा, फक्त मागे दोन-दोन पाटे वाढवले." उस्ताद हसले आणि म्हणाले, "मग टायरवाल्याकडे कशाला गेलास?"

ही पाटे वाढवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. जास्त माल भरता यावा, गाडी मागून बसू नये, म्हणून मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवले जातात. त्यामुळे होतं काय, की रिकामी गाडी मागून उंच उठते. चेसिस वर जातं, धुरा खाली राहतो आणि शाफ्ट जास्त तिरका होतो. क्रॉस थोड्या कोनात चांगलं काम करतो. दोन क्रॉसचे कोन सारखे असतील तर एकाचा धक्का दुसरा मारून टाकतो. त्यासाठीच कंपनीत गिअरबॉक्सचं तोंड आणि हाउसिंगचं तोंड समांतर ठेवलेलं असतं. पण कोन मोठा झाला, किंवा दोन कोनांत फरक पडला, की हे मारून टाकणं अपुरं पडतं आणि उरलेला धक्का केबिनमध्ये येतो.

मग रेस दिल्यावरच का? कारण रेस दिली की चाक पुढे ढकललं जातं आणि धुरा उलट दिशेने पिळला जातो. हाउसिंगचं नाक, म्हणजे जिथे शाफ्ट जोडलेला असतो ती बाजू, वर उचलली जाते. पाटे थोडे पिळतात आणि कोन त्या क्षणी बदलतो. पाय काढला की नाक खाली येतं, कोन परत ठीक होतो आणि थरथर जाते. म्हणून उभ्या गाडीखाली टॉर्च घेऊन बघणाऱ्याला काहीच वाकडं दिसत नाही.

त्या पोराच्या गाडीचे वाढवलेले पाटे काढले, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं होतं ते बदललं, आणि काम झालं. कोन सुधारण्याचा दुसरा रस्ताही असतो. धुरा आणि पाट्यांमध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी टाकून नाकाचा कोन बदलता येतो, किंवा सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पट्टी टाकून ते खाली घेता येतं. पण हे कोन मोजून करायचं काम आहे. अंदाजाने वॉशर भरणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

आणि ओव्हरलोडबद्दल स्पष्टच सांगतो. पाटे वाढवले म्हणून आरसी बुकावरचं वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. दंड एकदा चुकवता येईल. क्रॉस, क्लच आणि पिनियन मात्र प्रत्येक फेरीला वसुली करतात. भाडं ठरवताना व्यापारी 'अजून दहा क्रेट टाक रे' म्हणतो, तेव्हा हा हिशेब त्याचा नसतो, तो गाडीवाल्याचा असतो.

गाडीखाली काय बघायचं

गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा, मग गिअर न्यूट्रल करा. गिअरमध्ये असताना शाफ्ट ताणात असतो आणि क्रॉसमधला खेळ लपून जातो. जॅक लावायचा असेल तर जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, लोखंडी घोडी लावा. इंजिन चालू ठेवून, मागची चाकं उचलून, फिरणारा शाफ्ट बघायला काही जण खाली जातात. तसं करू नका. फिरणाऱ्या शाफ्टला ओढणी, शर्टाची बाही, मफलर काहीही पुरतं.

आता शाफ्ट एका हाताने आणि त्याच्यासमोरचा फ्लँज दुसऱ्या हाताने धरा. एक इकडे, दुसरा तिकडे पिळून बघा. वर-खाली दाबून बघा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला कळेल असा खेळ नसतो. थोडासा 'टिक' असा जरी जाणवला तरी तो क्रॉस गेला असं धरा. वाट्यांच्या तोंडाशी लालसर, विटकरी भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया गंजल्या आहेत. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातल्यावर दोन-तीन महिन्यांनी हे हमखास दिसतं. चालवतानाची खूण म्हणजे रिव्हर्सवरून पहिल्या गिअरला घेताना मागून 'टक्' असा आवाज. तो आवाज आधी येतो, थरथर नंतर येते. खेळ पकडायला जितका उशीर, तितका शाफ्टच्या कानांचाही चुराडा, आणि मग नुसता क्रॉस बदलून भागत नाही.

दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगपाशी तो वर-खाली हलवून बघा. रबर थोडं लवचीक असतंच, पण फाटलेलं, एका बाजूने सुटलेलं किंवा तेलाने फुगलेलं रबर डोळ्यांना दिसतं. फाटलेल्या रबरात शाफ्ट रेस दिल्यावर एका बाजूला उडी मारतो. भरलेल्या गाडीची उचल घेताना येणारी धडधड पुष्कळदा याचीच असते. हा भाग सुटा मिळतो, पण लोक बेअरिंग नवं टाकतात आणि रबर जुनंच ठेवतात. असं अर्धं काम करून घेऊ नका.

शाफ्टच्या नळीवर हात फिरवा. नळीला वेल्ड केलेले छोटे चौकोनी लोखंडी तुकडे असतात. ती बॅलन्सची वजनं आहेत, कचरा नाही. एखाद्या जागी वेल्डिंगची खूण आहे आणि तुकडा नाही, तर तुमचं उत्तर तिथेच सापडलं. नळीला दगड लागून पोचा पडलाय का, शेतातला चिखल एका बाजूला वाळून बसलाय का, खाली डांबरी कोटिंग मारताना शाफ्टवरही मारलंय का, हेही बघा. चिखल खरवडून, पाण्याने धुऊन थरथर गेल्याची उदाहरणं आहेत. एवढा स्वस्त इलाज दुसरा नाही.

मग फ्लँजचे बोल्ट, आणि पाट्यांचे यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल असला किंवा आतला सेंटर बोल्ट तुटला असला तर धुरा जागेवरून सरकतो. रेस दिली की गाडी एका बाजूला ओढते, ब्रेक मारला की दुसऱ्या बाजूला. पाट्यांच्या बुडाशी घासून चकाकलेली जागा दिसली तर तिथे हालचाल होते आहे. अशी गाडी माल घेऊन घाटात नेऊ नये. आंबा घाट असो की कसारा, तिथे धुरा सरकलेल्या गाडीला माफी नाही.

फाउंडेशन बघायला दोन माणसं हवीत. बॉनेट उघडा, एक जण सीटवर, ब्रेक पूर्ण दाबून. पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा सोडायचा, इंजिन ताणात आलं की परत दाबायचा. मग तसंच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर किंवा मागे नाही. इंजिन थोडं कलणं ठीक, पण उडी मारत असेल, किंवा एका बाजूला रबर आणि लोखंड वेगळे झालेले दिसत असतील, तर फाउंडेशन गेलं. गिअरबॉक्सखाली आणखी एक फाउंडेशन असतं. पुढची दोन बदलून लोक तिसरं विसरतात.

क्लच, इंजिन, हाउसिंग

फक्त गाडी उचलताना, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये क्लच सोडताना थरथर येते आणि क्लच पूर्ण सुटल्यावर जाते, तर शाफ्ट सोडून क्लचकडे बघा. प्लेट जळलेली, प्लेटवर क्रँकच्या मागच्या सीलचं तेल आलेलं, किंवा प्रेशर प्लेट वाकडी झालेली. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी उभी धरणाऱ्यांच्या वाट्याला हे लवकर येतं. तेल येत असेल तर सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे तोच खर्च दोनदा करणं.

थरथरीपेक्षा झटके येत असतील, धूर काळा किंवा पांढरा वाढला असेल, गाडी ओढत नसेल, तर डिझेल फिल्टर, फिल्टरमधलं पाणी, लाइनमधली हवा आणि इंजेक्टर बघून घ्या.

हाउसिंगमधून रेस दिल्यावर सुरेल घूं-घूं आवाज येतो आणि पाय काढल्यावर आवाजाचा सूर बदलतो, तर पिनियनचं बेअरिंग किंवा क्राउन-पिनियनची घासण. तिथे पिनियनचा नट 'जरा टाइट करून' चालत नाही. त्या नटावर आतल्या बेअरिंगचा दाब ठरतो आणि चुकीच्या दाबाने नवीन बेअरिंगही थोड्या दिवसांत जातं. हे काम ज्याच्याकडे मोजायचं साधन आहे त्याच्याकडेच द्या.

काम करून घेताना

शाफ्ट उतरवण्याआधी त्याच्यावर आणि फ्लँजवर खडूने नव्हे, पंचने खूण करायला सांगा. खडू डिझेलने पुसला जातो. शाफ्टचे दोन तुकडे किंवा सरकता जोड वेगळा केला तर तिथेही खूण हवी. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असावे लागतात. जोडताना खाचेचा एक दात जरी इकडेतिकडे बसला तरी क्रॉस नवे असूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. 'नवीन क्रॉस टाकले, तरी बिघडलंच' अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हेच बघायचं. सरकत्या जोडावर पुष्कळदा बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर यायला हव्यात.

क्रॉस बसवताना हातोडीचा मोह आवरायला हवा. वाटी तिरकी ठोकली की आतली एखादी सुई आडवी पडते आणि वाटी पूर्ण आत जात नाही. मग लॉक बसत नाही म्हणून अजून ठोकलं जातं. व्हाइस किंवा प्रेसने दाबून बसवलेला क्रॉस हाताने चारही बाजूंना मऊ फिरला पाहिजे. दोन्ही बाजूंचे लॉक सारख्या जाडीचे हवेत, नाहीतर शाफ्ट मधोमध राहत नाही. ग्रीस निपल असेल तर चारही वाट्यांच्या तोंडातून नवं ग्रीस दिसेपर्यंत पंप करायचं. तीन तोंडांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर चौथी वाटी कोरडीच फिरणार. एक क्रॉस गेला असेल तर बाकीचेही तेवढेच किलोमीटर चाललेले असतात. शाफ्ट उतरलेलाच आहे तर सगळे बदलून घेणं शहाणपणाचं.

शाफ्ट लांबवला असेल, नळी बदलली असेल किंवा लेथवर वेल्डिंग झालं असेल, तर मशीनवर बॅलन्स केल्याशिवाय तो गाडीला लावू नका. मोठ्या ट्रान्सपोर्टच्या गावांत शाफ्ट बॅलन्सिंगची दुकानं असतात. लेथवाल्याने 'डायल लावून बघितलं, सरळ आहे' म्हटलं तरी सरळ असणं आणि बॅलन्स असणं या दोन गोष्टी वेगळ्या. मशीन जवळ नसेल तर जुना जुगाड आहे. शाफ्ट फ्लँजवरून सोडून अर्धा फेरा फिरवून परत लावायचा. कधी कधी हाउसिंगच्या फ्लँजचा आणि शाफ्टचा दोष एकाच बाजूला आलेला असतो, तो त्याने फाटतो. नाहीच जमलं तर पाइपाला लावायची स्टीलची पट्टीची क्लिप शाफ्टच्या मागच्या टोकाला घट्ट बसवून, तिचा स्क्रू थोडा थोडा फिरवत, कुठल्या जागी थरथर कमी होते ते शोधतात. गावापर्यंत पोचायला हे ठीक आहे. मशीनवर गेल्यावर ती क्लिप काढून टाका.

क्रॉसला खेळ आहे हे कळल्यावरही 'हा सीझन काढतो' म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं मागचं टोक खाली पडतं, रस्त्यावर ठिणग्या उडवत घासतं, गाडी ओढणं बंद करते. पुढचा तुटला तर पुढचं टोक रस्त्याकडे तोंड करून पडतं. एखाद्या खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर ते रोवलं गेलं, तर चालत्या गाडीची मागची बाजू उचलली जाऊ शकते. फिरता शाफ्ट सुटा झाला की आजूबाजूची ब्रेक लाइन, वायरिंग, डिझेलची नळी काहीही तोडू शकतो. मागे हौद्यात माणसं बसवायची नसतातच, पण आपल्याकडे लग्नाला, सुगीला बसवतात, आणि तेव्हा खाली काय चाललंय ते कुणीच बघितलेलं नसतं.

काम झाल्यावर काढलेले जुने क्रॉस आणि रबर मागून घ्या. वाटीतून सुया बाहेर काढून बघा, क्रॉसच्या टोकावर नखाला लागतील अशा रेषा पडल्या असतील तर निदान बरोबर होतं. तसं काहीच नसेल तर थरथर दुसरीकडची असू शकते. उस्तादांना तिथेच विचारा, वाईट वाटून घेणारे उस्ताद फार कमी असतात. मग गाडी आधी रिकामी आणि नंतर भरलेली, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरला, त्याच वेगाला चालवून बघा, म्हणजे कागदावर टिपलेलं ताडून बघता येईल. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर फ्लँजचे बोल्ट आणि यू-बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासून घ्या. नव्या कामात ते थोडे बसतात.